घरात लपलेलं मांजराचं पिल्लू: शोधायचं कसं, माणसाळवायचं कसं

पावसाळा सुरू झाला की इंदुरातल्या मांजरी कोरड्या जागेच्या शोधात पिल्लं हलवायला लागतात. रामबाग, नारायण बाग या भागांत अजूनही मागचं दार, अंगण आणि जिन्याखालची अडगळ असलेली घरं आहेत, आणि मांजरीला नेमकं तेच हवं असतं. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. या हलवाहलवीत एखादं पिल्लू मागे राहतं, बिचकून उघड्या दारातून आत शिरतं आणि कपाटामागे गडप होतं. घरात फक्त आवाज येतो, पिल्लू काही दिसत नाही. मग सगळं घर झाडू आणि टॉर्च घेऊन त्याच्या मागे लागतं.

तेवढं करू नका. काठीने ढोसलेलं पिल्लू आणखी आत सरकतं आणि नंतर कितीतरी तास हूं की चूं करत नाही. पिल्लू बाहेर येतं ते दोनच गोष्टींनी: भूक आणि शांतता. या दोन्ही तुमच्या हातात आहेत.

१. आधी घर निर्धोक करा

पिल्लू ज्या खोलीत असेल असं वाटतं तिची आतली दारं लावून घ्या, म्हणजे शोध एका खोलीपुरता राहील. टीव्ही बंद करा. मुलांना विश्वासात घ्या. त्यांना आवाज करू नका म्हणण्यापेक्षा कान देऊन ऐकायचं काम दिलं तर ती जास्त शांत बसतात.

मग धोके हटवा. वॉशिंग मशीन, कूलर, मिक्सर यांची बटणं बंद, शक्यतो प्लगही काढलेले. टॉप लोड मशीनचा तळ बऱ्याचदा उघडा असतो आणि पिल्लू खालून थेट मोटरपाशी जाऊन बसतं. उंदरांसाठी ठेवलेलं औषध आणि चिकट पॅड त्याच क्षणी उचला. पेट्यांमधल्या, कपाटाखालच्या डांबराच्या गोळ्या मांजराला विषारी असतात. फिनाईलचंही तसंच: फिनॉल असलेलं द्रव्य मांजराचं यकृत पचवू शकत नाही, आणि पुसलेल्या फरशीवरून चालून पिल्लू पाय चाटतं तेव्हा ते पोटात जातं. कामाला येणाऱ्या मावशींना काही दिवस साध्या पाण्याने पुसायला सांगा, आणि कारणही सांगा.

२. आई जवळपास आहे का?

ही पायरी लोक सर्रास गाळतात, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मांजर अन्नासाठी कित्येक तास बाहेर असते. एकटं दिसलेलं पिल्लू पोरकं असेलच असं नाही. ते कोरडं, स्वच्छ, गुबगुबीत असेल आणि गप्प झोपलं असेल, तर आई येऊन-जाऊन आहे असं समजा. मागचं दार किंवा ज्या खिडकीतून ते आलं असेल ती फटभर उघडी ठेवा, दिवे मालवा आणि दूर बसा. माणसं घुटमळत असली तर आई आत येणार नाही. तुम्ही हात लावला म्हणून मांजर पिल्लाला टाकून देते, ही समजूत मात्र खरी नाही.

पिल्लू सतत रडत असेल, डोळे चिकटलेले असतील, पोट खपाटीला गेलं असेल किंवा अंग गार लागत असेल, तर वाट पाहत बसू नका.

३. शोधायचं कसं

पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून त्याचं सगळं अंग जातं. त्यामुळे 'इथे कसं जाईल' असं म्हणून एकही जागा सोडू नका. पिल्लाला उबदार, अंधारी आणि तीन बाजूंनी बंद जागा आवडते. फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरपाशी. इन्व्हर्टरच्या मागे. दिवाणाच्या खणात. ओट्याखाली सिलेंडरच्या आड. गाद्यांच्या थप्पीत. सोफा हलकेच तिरका करून त्याच्या तळाचं काळं कापड पाहा. कोपऱ्यात ते फाटलेलं असलं आणि मधे झोळीसारखं लोंबत असलं तर पिल्लू आतच आहे, सोफा परत धपकन टेकवू नका. आणि इंदुरात प्रत्येक घरी असतो तो मोठा पत्र्याचा कूलर: हंगाम संपल्यावर गॅलरीत झाकून ठेवलेला असतो, आत वाळ्याची जाळी आणि काळोख. तिथे नक्की बघा.

फटीत हात घालू नका. मोबाईलचा व्हिडिओ सुरू करून मोबाईल आत सरकवा, आणि मग ते चित्रण बघा. खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत आडवा फिरवला तर डोळे हिरवट चमकतात.

तरीही सापडलं नाही तर कणकेची युक्ती करा. रात्री निजानीज झाली की दाराच्या उंबऱ्याशी आणि संशयित फर्निचरच्या कडेने चाळणीतून कणीक अगदी पातळ भुरभुरा. रांगोळी किंवा टाल्कम पावडर नको, ती पिल्लाच्या नाकात जाते. खोलीच्या मधोमध चमचाभर वासाचं खाणं ठेवा. सकाळी कणकेवर करंगळीच्या पेराएवढे गोल ठसे दिसतील, एकापुढे एक, आणि ते कुठून निघाले नि कुठे परतले हे सरळ वाचता येईल. काम सकाळी लवकर उरका. कचरागाडी लाउडस्पीकर लावून गल्लीत आली की पिल्लू पुन्हा दडी मारतं.

४. एका लहान खोलीत आणा

जागा कळली की ताबडतोब ओढून काढायची घाई नको. दोन वेळचं खाणं त्याच फटीच्या तोंडाशी ठेवा. मग ताटली रोज थोडी पुढे, शेवटी आडव्या ठेवलेल्या खोक्यात. पिल्लू खोक्यात शिरून खायला लागलं की वरून जाड टॉवेल टाका, टॉवेलसकट अंगाभोवती गुंडाळा आणि चारी पाय आत घेऊन उचला. मानगुटीला धरून लोंबकळवू नका. आई तसं उचलते, पण पिल्लाचं वजन आणि पकड यांचा अंदाज तिला असतो.

आता त्याला लहानशा खोलीत ठेवा. न वापरातली न्हाणीघराची खोली उत्तम, कारण तिथे लपायला फर्निचर नसतं. एका कोपऱ्यात भोक पाडलेलं खोकं, आत जुनी सुती साडी. समोरच्या कोपऱ्यात उथळ घमेल्यात बारीक वाळू किंवा कोरडी माती. खाणं आणि वाळू यांत जितकं अंतर ठेवता येईल तितकं ठेवा. लपण्याची एक जागा त्याला हवीच असते, ती काढून घेऊ नका. फक्त ती तुम्ही दिलेली असावी. माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात, तेव्हा कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी हवी, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल.

५. वय ओळखा, मग खायला द्या

डोळे साधारण ७ ते १४ दिवसांत उघडतात. कान तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताठ होतात. पुढचे बारीक दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दिसू लागतात. चार आठवड्यांचं पिल्लू साधारण ४०० ते ४५० ग्रॅम भरतं, आठ आठवड्यांचं त्याच्या दुप्पट. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वाडगा ठेवून सहज मोजता येतं.

चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू स्वतः खाऊ शकत नाही आणि अंगाची ऊबही धरू शकत नाही. ते गार लागत असेल तर आधी ऊब, मग दूध. गार पिल्लाच्या पोटात गेलेलं दूध पचत नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूधपावडर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळते, तीच वापरा. पाजताना त्याला पालथं ठेवा, पोटावर टेकलेलं. उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा, कारण या वयात आई चाटल्याशिवाय त्याला शू-शी होत नाही.

दात आलेल्या पिल्लाला दूधभात नको. आजी-काकू प्रेमाने वाटी भरून गायीचं दूध ठेवतात, पण बहुतेक मांजरांना त्यातली साखर पचत नाही आणि जुलाब लागतात. एवढ्याशा अंगातलं पाणी जुलाबाने एका दिवसात संपू शकतं. पोहे, शेव, खिचडीही नको; मीठ-तिखट बाजूला ठेवलं तरी कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

आपल्यातल्या बऱ्याच घरांत मांसाहार शिजत नाही, आणि इथे मला स्पष्ट बोलायचं आहे. मांजर पूर्णपणे मांसावर जगणारा प्राणी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही आणि ते मिळतं मांसातून. वरणभातावर वाढवलेल्या मांजराची पुढे दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. घरात चिकन उकडणं शक्य नसेल तर पिल्लांसाठीचं तयार पाकीटबंद ओलं खाणं आणा, ताटली-चमचा वेगळा ठेवा, स्वयंपाकघराला हातही लावावा लागत नाही. तेही जमणार नसेल, तर पिल्लू ज्यांना जमेल अशा घरी देणं हेच त्याच्या हिताचं.

६. माणसाळवणं

दोन ते सात आठवडे हा काळ सोन्याचा. या वयात पिल्लाला जे जे भेटतं ते त्याला आपलं वाटू लागतं. आठ आठवड्यांच्या पुढे वेळ जास्त लागतो, चार महिन्यांच्या पुढे बराच जास्त.

सुरुवातीला ते तुम्हाला बघून अंग फुलवेल, फिस्कारेल. हा राग नव्हे, भीती आहे. खोलीत जाऊन जमिनीवर बसा, अंग तिरकं, नजर दुसरीकडे. हळू आवाजात काहीही वाचत राहा, पेपर वाचा, स्तोत्र म्हणा. त्याला तुमच्या आवाजाची सवय व्हायला हवी. नजरानजर झाली तर डोळे सावकाश मिटा आणि सावकाश उघडा. मांजरांच्या भाषेत याचा अर्थ 'माझ्यापासून धोका नाही', आणि काही दिवसांनी पिल्लू तसंच उत्तर देतं.

खाणं आता ताटलीत ठेवून निघून जाऊ नका. तुम्ही आलात म्हणजेच खाणं आलं, हे त्याच्या डोक्यात बसू द्या. लांब दांड्याच्या चमच्याच्या टोकाला बोटभर चिकन किंवा ओलं खाणं लावून पुढे करा. पहिल्यांदा ते मान ताणून चाटेल, पाय मागेच रोवलेले असतील. पुढचे पाय एक पाऊल पुढे आले की मोठी मजल मारली समजा. चमचा रोज थोडा जवळ घ्या, मग आखूड चमचा, मग बोट. ते खात असताना दुसऱ्या हाताचं एक बोट गालाला लावून बघा. गाल आणि कानामागची जागा मांजराला आवडते. डोक्यावरून हात आणला तर घारीची झडप आल्यासारखं ते दबतं. पोटाला तर हात लावूच नका.

काठीला बांधलेली दोरी किंवा कापडाची चिंधी जमिनीवरून सरपटवा. भित्र्यातलं भित्रं पिल्लूही खेळापुढे फार काळ टिकत नाही. हाताची बोटं मात्र खेळणं होऊ देऊ नका. आज गोड वाटतं, सहा महिन्यांनी तेच दात मनगटात रुततात. बैठका छोट्या ठेवा, पण दिवसातून तीन-चार वेळा, आणि घरातल्या वेगवेगळ्या माणसांनी. एकट्या वहिनींनीच सगळं केलं तर पिल्लू वहिनींचंच होतं आणि बाकीच्यांना बघून पळतं.

एक दिवस मांडीवर टॉवेलात असताना छातीतून घुर्र घुर्र ऐकू येईल. त्यानंतर खोलीचं दार उघडून घर एकेक खोली करून दाखवा. गणपती विसर्जन, रंगपंचमीची गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक), दिवाळी अशा गोंगाटाच्या दिवशी दार उघडू नका.

७. बोचकारलं तर, आणि डॉक्टर

पिल्लाने चावलं किंवा नखाने ओरबाडलं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. रेबीज मांजरापासूनही होतो आणि एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कधीच बरा होत नाही. लस सरकारी रुग्णालयांत मिळते. सगळे डोस पूर्ण करा.

पिल्लाला पहिल्या आठवड्यातच पशुवैद्याला दाखवा. इंदूरजवळ महूला १९५५ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे, शहरातही दवाखाने आहेत. जंताचं औषध वजनावर ठरतं. तिहेरी लस साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून, रेबीजची १२ आठवड्यांच्या सुमारास. घरातली औषधं मनाने देऊ नका: पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, आणि कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं गोचीड-पिसवांचं औषधही तसंच जीवघेणं.

पिल्लू चार-पाच महिन्यांचं असेल आणि मनापासून प्रयत्न करूनही हात लावू देत नसेल, तर त्याच्यावर जबरदस्ती नको. त्याची नसबंदी आणि लसीकरण करून अंगणात राहू द्या, ठरल्या वेळी खायला द्या. घरात रुळलेल्या पिल्लाचीही नसबंदी चौथ्या-पाचव्या महिन्यात कधी करायची ते पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण भाटी, म्हणजे मादी मांजर, त्याच वयात माजावर येऊ शकते आणि पुढच्या नऊ आठवड्यांत तिची स्वतःची पिल्लं तुमच्या जिन्याखाली असतात.