नवे सिक्लिड मासे आणले. नाव कळेपर्यंत खायला काय घालायचं?

क्रॉफर्ड मार्केटमधल्या माशांच्या दुकानात पिशवीला रबरबँड लावता लावता दुकानदार म्हणाला, "ताई, आफ्रिकन मिक्स आहे. सगळे एकच खातात." पहिल्यांदा मी हे वाक्य खरं मानलं. वाळवलेल्या ट्युबिफेक्सच्या, म्हणजे बारीक लाल किड्यांच्या, वड्या मासे अधाशासारखे खायचे म्हणून मी दोन्ही वेळा घालत राहिले. तिसऱ्या आठवड्यात तिघांची पोटं टरारून फुगली आणि तिघेही गेले. दुसऱ्यांदा तशीच पिशवी आणली तेव्हा जे केलं ते इथे सांगते. दहा नग, दीड-दोन इंचाचे, पैकी चार पिवळे, तीन निळे आणि तीन असेच राखाडी.

या दहांना मोठ्या टाकीत सोडलं नाही. भाच्याची दोन फुटी काचपेटी रिकामी होती, ती घेतली. तळाला वाळू नाही, झाडं नाहीत. प्लंबरकडून उरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे लपायला टाकले आणि मोठ्या टाकीत महिनाभर चाललेला स्पंज फिल्टर तसाच उचलून इथे लावला. भाचा म्हणाला, "मावशी, हे तुरुंगासारखं दिसतंय." दिसू दे. उघड्या तळाचा फायदा असा, की कोण काय खातो आणि त्याचं पुढे काय होतं हे दोन्ही दिसतं. तीन आठवडे हे मासे तिथेच राहिले. दर दोन दिवसांनी पाव पाणी बदललं, नव्या पाण्यात क्लोरिन मारायला हायपो घातला. 'आफ्रिकन मिक्स'मधले हे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे, त्यांना पाणी जड आणि अल्कधर्मी लागतं, पीएच ८ च्या आसपास. आमच्या नळाचं पाणी मऊ, म्हणून जाळीच्या पिशवीत ठेचलेलं कोरल भरून फिल्टरशेजारी लटकवलं.

पहिल्या दिवशी खायला काहीही देऊ नका, आणि दिवाही लावू नका. प्रवासाने घाबरलेला मासा खात नाही. टाकलेलं खाणं कुजतं आणि नव्या पेटीतलं पाणी बिघडतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चिमूटभर. चिमूट म्हणजे माझी नव्हे, पाच वर्षांच्या मुलाची.

आता काय घालायचं? म्बुना, म्हणजे मलावी सरोवरातल्या खडकांत राहणारे मासे, यातले बरेचसे दगडावर वाढणारं शेवाळ खरवडून खातात. शेवाळासोबत त्यातले बारीक जीवही पोटात जातात, पण मुख्य खाणं पालाच. म्हणून त्यांचं आतडं शरीराच्या कितीतरी पट लांब असतं. त्यांना रोज मांसाहारी खाणं घातलं की पोट बिघडतं. पोट फुगण्याच्या या आजाराला मत्स्यपाळ 'मलावी ब्लोट' म्हणतात. त्याचं एकच कारण कुणी छातीठोक सांगत नाही. पण जड खाणं, ताण आणि खराब पाणी ही त्रयी बहुतेक वेळा हजर असते. उलट त्याच सरोवरातले पीकॉक सिक्लिड वाळूतले किडे खातात. पण पीकॉकला काही आठवडे स्पिरुलिना, म्हणजे शेवाळाचं खाणं, घातली तर त्याचं काही बिघडत नाही. म्बुनाला किडे घालत राहिलात तर बिघडतं. म्हणून कोण कोण आहे ते कळेपर्यंत सगळ्यांना म्बुना धरून चालायचं.

मी स्पिरुलिनाचे एक मिलिमीटरचे दाणे आणते. टाकीतल्याच पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवून मग घालते, पोटात जाऊन फुगण्यापेक्षा वाटीत फुगलेले बरे. पिल्लांना दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी अर्ध्या मिनिटात संपेल एवढंच. आठवड्यातून दोनदा मटार: उकडायचा, साल काढायची, बोटाने चिरडायचा, मीठ नाही. काकडीची चकती काट्या-चमच्यातल्या काट्याला टोचून तळाला सोडली तर सकाळपर्यंत फक्त कडा उरते. शनिवारी सगळ्यांना उपास. आमच्या ह्यांना ते पटत नाही, "काचेपाशी येऊन तोंड उघडतात बिचारे" म्हणून एकदा त्यांनी चक्क कणकेच्या गोळ्या टाकल्या. सिक्लिड माणूस दिसला की तोंड उघडणारच. ती भूक नसते, सवय असते. कणीक, बिस्किट, पाव यातलं काही नको. कोंबडीचं काळीज किंवा मटण तर मुळीच नको.

आणि विष्ठा बघा. स्पिरुलिनावर असलेल्या माशाची हिरवट-तपकिरी असते आणि लगेच तुटते. पांढरी, पारदर्शक, दोऱ्यासारखी लोंबत राहिली तर दोन दिवस खाणं बंद आणि पाणी बदला. मासा कोपऱ्यात बसून भराभर श्वास घ्यायला लागला, तोंडात घेतलेला दाणा थुंकायला लागला, तर मात्र थांबू नका, जाणत्या माणसाला विचारून मेट्रोनिडाझोल हे औषध सुरू करा. पोट फुगेपर्यंत वाट बघितली की उशीर झालेला असतो. मी बघितली होती.

आता ओळखीचं. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली. रंग हा माझा प्रांत. म्हणूनच सांगते, रंगावर जाऊ नका. नवा मासा भीतीने फिका पडतो, आणि यातले काही मासे वयात येताना रंग पार उलटा करतात. मी प्रत्येकाला क्रमांक दिला आणि वहीत पेन्सिलने बाजूचं चित्र काढलं, रंग न भरता: तोंडाचा आकार, कपाळाचा उतार, पट्टे उभे की आडवे, पाठीच्या पराची कडा. मोबाइलचा फोटोही चालेल, पण तो कृष्णधवल करून बघा.

माझे चार पिवळे चार जातींचे निघाले. क्रमांक १ लिंबासारखा स्वच्छ पिवळा, अंगावर पट्टा नाही, पाठीच्या परावर टोकापासून टोकापर्यंत काळी रेघ, तोंड निमुळतं. हा लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, दुकानातला 'इलेक्ट्रिक येलो'. गंमत अशी की लॅटिनमध्ये सेरुलियस म्हणजे निळा! १९५६ मध्ये नाव पडलं, आणि सरोवरात या जातीचे बहुतेक मासे पांढुरकेच असतात. क्रमांक २ पिवळाच, पण परावर काळी रेघ नाही. तो सौलोसी. याच्या माद्या पिवळ्याच राहतात. नर मोठा होताना निळा होतो आणि त्यावर गडद उभे पट्टे येतात. क्रमांक ३ नारिंगीकडे झुकलेला, कपाळ बोथट, तोंड रुंद आणि समोर, दगड घासायला केल्यासारखं. तो एस्थेरे, म्हणजे 'रेड झेब्रा'.

क्रमांक ४ वर लक्ष ठेवा. पिवळं अंग, त्यावर काळे आडवे पट्टे, दिसायला सगळ्यांत देखणा. हा ऑराटस. मादी अशीच राहते, पण नर वयात आला की जणू निगेटिव्ह होतो: अंग काळपट आणि रेघा फिकट. स्वभावाने हा गल्लीतला दादा. माझा चौथ्या महिन्यात पोटाकडून काळवंडायला लागला, आणि त्याच आठवड्यात सौलोसीची शेपटी कुरतडलेली दिसली. आता तो भाच्याकडे एकटा असतो.

निळ्यांतही तेच. उभ्या पट्ट्यांचे दोन निळे होते. एकाचे पट्टे गर्द, जवळपास काळे, अंग आखूड. तो डेमासोनी, मोठा होऊनही तीन इंचांच्या आसपासच. दुसरा फिका निळा, त्याला मी बिनदिक्कत 'मादी' लिहून टाकलं आणि दोन महिन्यांनी तो पिवळा झाला. तो केन्यी होता. केन्यीची मादी निळी आणि नर पिवळा, म्हणजे सौलोसीच्या बरोबर उलट. वहीत ती खाडाखोड अजून आहे. तिसऱ्या निळ्याच्या अंगावर आडव्या रेघा. तो मायनगानो, याचे नर-मादी दोघेही निळेच.

राखाडी तिघांपैकी एकाचं कोडं खाताना सुटलं. बाकीचे वर झडप घालत आणि हा तळापासून बोटभर वर स्थिर तरंगत राही, डोकं खाली करून. भिंगातून बघितलं तर खालच्या जबड्यावर ओळीने बारीक खळगे. पीकॉक, म्हणजे औलोनोकारा, या खळग्यांनी वाळूखालच्या किड्याची हालचाल टिपतो. त्याला आता आठवड्यातून दोनदा थोडी गोठवलेली कोळंबी बारीक करून मिळते, तीही बाकीच्यांना दुसऱ्या टोकाला मटार दाखवून.

जाता जाता: पिशवीत आलेला मासा सिक्लिड आहे का हीच शंका असेल तर नाकपुड्या मोजा. बहुतेक माशांना प्रत्येक बाजूला दोन असतात, सिक्लिडला एकच. अंगावरची बाजूची रेघही मध्येच तुटून खालून पुन्हा सुरू होते. माहेरी वेंगुर्ल्याला काळुंदर साफ करताना मी ती एकेक नाकपुडी कितीदा पाहिली असेल, पण आपल्या खाडीतली काळुंदरही सिक्लिडच हे मला पन्नाशीनंतर कळलं. उजनीची चिलापीसुद्धा त्याच घराण्यातली, फक्त ती आफ्रिकेतून आणलेली.

मोठ्या टाकीत सोडायच्या दिवशी आधी जुन्यांना पोटभर खाऊ घाला, मग सगळे दगड हलवून नवी मांडणी करा. जुन्यांची वतनं मोडतात आणि नव्या-जुन्यांना एकाच वेळी घर शोधावं लागतं. दिवे बंद करा, तेव्हाच सोडा. पुढचा आठवडाभर खाणं टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी टाका, म्हणजे दादाला दोन्हीकडे राखण करता येत नाही.

एखादी मादी चांगली पोहते पण खात नाही आणि तिची हनुवटी फुगलेली आहे, असं दिसलं तर औषध शोधायला धावू नका. माझ्या क्रमांक १ ने असं केलं तेव्हा मी मेट्रोनिडाझोलची पुडी फोडली होती. मग ती वळली, तोंड जरा उघडलं, आणि आत नारिंगी अंडी दिसली. या माद्या तीनेक आठवडे पिल्लं तोंडात सांभाळतात आणि तोवर जवळपास काही खात नाहीत. तिला काकडीच्या आशेने बाहेर ओढू नका, फक्त गर्दीतून वेगळी करा. पिल्लं सोडल्यावर दोन दिवस भिजवलेले दाणे थोडे थोडे द्या.

उरलेले दोन राखाडी, क्रमांक ९ आणि १०, सात महिने झाले तरी राखाडीच आहेत. दुकानातले कित्येक मासे संकरित असतात, तसेच हेही असावेत. शेजारच्या काकांनी त्यांची पिल्लं मागितली तेव्हा नाव न सांगता दिली, आणि सोबत स्पिरुलिनाची अर्धी डबी.