पुनर्विकासाच्या सभेआधी काय काय हाताशी हवं

जुनी इमारत पाडून नवी बांधायची की नाही, हे सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत ठरतं. तिथे हात वर होतात आणि इतिवृत्त लिहिलं जातं. लोकांशी खरं बोलणं त्याआधी, जिन्याजिन्यात, व्हायला हवं. त्यासाठी किमान दोन महिने हाताशी ठेवा.

सुरुवात सभासद नोंदवहीपासून. ‘आय’ नमुना (सभासदांची नोंदवही) आणि ‘जे’ नमुना (सभासदांची यादी) आजच्या तारखेपर्यंत पूर्ण आहे का, हे घरटी तपासा. मूळ सभासद वारला आणि वारसाची नोंद झालीच नाही, अशी घरं जुन्या वसाहतीत हमखास निघतात. तिथलं मत पुढे वादात पडतं, म्हणून नामनिर्देशन आणि वारस दाखल्याची कागदपत्रं आधीच मागवून घ्या. परगावी राहणाऱ्यांचे पत्ते आणि ई-मेलही त्याच वहीत हवेत.

मग आकडेमोड. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार, म्हणजे सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गणपूर्ती (सभा चालायला लागणारी किमान हजेरी) एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश लागते आणि ठरावाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के. हजर असलेल्यांपैकी नव्हे, एकूण सभासदांपैकी. इथेच बहुतेक समित्या फसतात. ९६ घरांच्या सोसायटीत ६४ जण आले तर सभा चालते, पण ठरावाला ४९ होकार लागतात. त्या ६४ पैकी १६ जणांनी नाही म्हटलं की विषय बारगळला. म्हणून शंका असलेल्या घरांकडे आधी जा.

बैठका वीस-पंचवीस घरांच्या गटाने घ्या, एक दुपारी आणि एक रात्री जेवणानंतर. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी ते चालवणाऱ्या बाईला बोलवाच. ओटा, मोरी, वाळत घालायची जागा यांबद्दलचे नेमके प्रश्न तिच्याकडूनच येतात. भाडेकरूंना मत नाही, पण घर तेच रिकामं करणार, म्हणून शाळेच्या परीक्षा संपेपर्यंत थांबता येईल का, याचं उत्तर तयार ठेवा.

क्षेत्रफळाला सगळ्यात जास्त वेळ द्या. कन्नमवार नगर, पंतनगरसारख्या मुंबईतल्या म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण मंडळाच्या) वसाहतींत गॅलऱ्या बंदिस्त झाल्यात, खोल्या वाढल्यात. करारातलं माप आणि जमिनीवरचं माप जुळत नाही. वास्तुविशारदाकडून प्रत्येक घर मोजून घ्या आणि मापावर घरमालकाची सही घ्या. ‘कार्पेट’ म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ नेमकं कसं मोजतात, तेही सांगा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या व्याख्येत आतल्या भिंती धरल्या जातात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी नाही. त्यामुळे आकडा मोठा दिसला तरी पाय ठेवायला जागा तितकी नसते. नकाशा वाचता येणारे थोडेच असतात, तेव्हा नवं घर आवारातल्या मोकळ्या जागेत चुन्याने प्रत्यक्ष मापात आखा. आजींना त्यात चालून पाहू द्या. सहा फुटी पलंग कुठे बसतो, कपाटाचं दार पूर्ण उघडतं का, हे तिथेच कळतं.

पैशांचे मुद्दे एकाच पानावर, मराठीत: भाडं किती आणि दरवर्षी किती वाढणार, दलाली, सामान हलवण्याचा खर्च, कॉर्पस (विकासकाने द्यायची ठेव रक्कम), पार्किंग, बँक हमी (विकासकाने काम सोडलं तर बँकेकडून मिळणारी रक्कम). शासन निर्णयात ही हमी प्रकल्प खर्चाच्या २० टक्के आहे. ती देताना विकासक कां-कूं करू लागला तर सदस्यांना लगेच सांगा. नव्या इमारतीचा देखभाल खर्चही सांगा. लिफ्ट, पंप, सांडपाणी प्रक्रिया, सुरक्षारक्षक यांमुळे तो कितीतरी पट होतो, आणि निवृत्तीवेतनावर जगणाऱ्यांना ही चिंता सगळ्यात आधी भेडसावते. ती मनात राहिली की बाहेर विरोध म्हणून दिसते.

प्रश्नांची एक वही ठेवा. कोणी विचारलं, काय उत्तर दिलं, कुठलं उत्तर बाकी आहे, असे तीन रकाने. समितीतल्या कोणाचा विकासकाशी नात्याचा किंवा धंद्याचा संबंध असेल तर तो पहिल्याच बैठकीत सांगा. मागाहून उघड झाला तर केलेलं सगळं बोलणं वाया जातं.

सभेची सूचना १४ दिवस आधी, हातोहात देऊन सही घेऊन. बाहेरगावी रजिस्टर पोस्टाने आणि ई-मेलने. दारावर ओळखपत्र पाहून नोंद करायला दोन माणसं हवीत, कारण सभेला फक्त सभासदच बसू शकतात. चित्रीकरण करणारा आधीच सांगून ठेवा. विकासक निवडायची सभा असेल तर सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीची तारीख मिळाल्याशिवाय सूचना काढू नका. आणि इतिवृत्त दहा दिवसांत प्रत्येक घरात पोचेल, हे काम कोणाचं, ते नावानिशी आधीच ठरवून ठेवा.