टॅक्स ऑडिटचा सप्टेंबर आणि सातवा महिना

डॉक्टरांनी मला 26 नोव्हेंबर 2024 ही तारीख दिली. सी.ए. ऑफिसात काम करणारी कुणीही ही तारीख ऐकून लगेच बोटांवर मोजेल: 31 जुलै, म्हणजे आयकर रिटर्नची शेवटची तारीख, सहाव्या महिन्यात; 30 सप्टेंबर, म्हणजे टॅक्स ऑडिटची (आयकरासाठी व्यापाऱ्यांच्या वह्या तपासून रिपोर्ट द्यायची), आठव्यात. मीही तसंच मोजलं आणि धसक्यानं कितीतरी दिवस ऑफिसात तोंड उघडलं नाही.

सासूबाईंचं म्हणणं होतं की तीन महिने बातमी घराबाहेर जाऊ द्यायची नाही. नात्यागोत्यापुरतं ते मी मानलं, पण ऑफिसातही गप्प राहिले ही चूक झाली. मेच्या शेवटी टीडीएस रिटर्नचं (पैसे देतानाच कापलेल्या कराच्या हिशेबाचं) काम चालू होतं. दिवसातून चारदा उलटी व्हायची आणि मी कपाळावर पाणी मारून परत कॉम्प्युटरसमोर येऊन बसायची. एका पार्टीचे, म्हणजे क्लायंटचे, दोन पॅन नंबर चुकले, नंतर करेक्शन भरावं लागलं. सरांना वाटलं, हिचं कामात लक्ष नाही. नव्यानं या कामाला लागलेल्या मुलींना म्हणून आधी हेच सांगते: सगळ्या ऑफिसला सांगू नका, पण तुम्हाला फाइली वाटून देणाऱ्या माणसाला दुसऱ्या महिन्यातच सांगा. नाहीतर तुमच्या थकव्याचा तो स्वतःच काहीतरी अर्थ लावतो.

मी सांगितल्यावर सर म्हणाले, "अभिनंदन, तब्येतीला जपा." मला वाटलं, झालं. पण तेवढ्यानं काही बदलत नाही. जुलै आला तसा मी पुन्हा रात्री साडेदहापर्यंत बसायला लागले. 31 जुलैला घरी पोचले तेव्हा चपलेचा पट्टा पायात रुतला होता. नवऱ्यानं घोट्यावर अंगठा दाबला, तर तिथे पडलेला खळगा किती वेळ भरेना. दुसऱ्या दिवशी तपासणीत हिमोग्लोबिन 9.2 निघालं. गरोदरपणात ते 11 च्या खाली असलं की ॲनिमिया धरतात. डॉक्टरबाईंनी विचारलं, "एका जागी किती तास बसता?" मी म्हटलं, बारा-तेरा. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं.

त्या दिवशी मी एक शहाणपणा केला. त्या तोंडी सांगत होत्या ते मी लेटरहेडवर लिहून मागितलं: दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त काम नको, दर तासाला उठून पाच मिनिटं चालायचं, लांबचा प्रवास नको. हिशेबाच्या धंद्यात तोंडी गोष्टीला किंमत नसते, व्हाउचर म्हणजे लेखी पुरावा लागतो. तो कागद माझं व्हाउचर झाला.

पण नुसता कागद टेबलावर ठेवला असता तर सरांनी एकच प्रश्न विचारला असता: "मग सप्टेंबर कोण काढणार?" आणि तो प्रश्न खोटा नाही. माझ्याकडे चौदा टॅक्स ऑडिट होती, बहुतेक इंदूरच्या सियागंज आणि कापड मार्केटचे व्यापारी. त्यात त्याच वर्षी आयकर कायद्याचं कलम 43बी(एच) पहिल्यांदा लागू झालं होतं. सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल मुदतीत (लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15) फेडलं नाही तर तो खर्च पैसे दिल्याच्या वर्षीच वजावटीला मिळतो. म्हणजे प्रत्येक पुरवठादाराचं उद्यम सर्टिफिकेट (लघुउद्योग म्हणून नोंदणीचा दाखला) मागा आणि एकेक बिल तपासा. काम कमी होणार नव्हतंच.

म्हणून रविवारी घरी बसून एक्सेलमध्ये चौदा फाइलींचं कोष्टक मांडलं. ज्यांची वही स्वच्छ, टॅली सॉफ्टवेअरमधले हिशेब जुळलेले, बँक रिकन्सिलिएशन (वही आणि बँकेच्या नोंदींचा मेळ) झालेलं, त्या नऊ फाइली ऑगस्टात संपवायच्या. ज्यांच्याकडून कागद शेवटच्या आठवड्यातच येतात, अशा तीन आजपासून एका आर्टिकल (सी.ए. होण्यासाठी उमेदवारी करणाऱ्या) मुलासोबत, त्याला शिकवत. पिथमपूर आणि सांवेर रोडच्या दोन फॅक्टऱ्या दुसऱ्या सीनियरकडे, कारण तिथे जाणं आलं. खाली माझे तास लिहिले: दहा ते सहा, संध्याकाळी सातनंतर फोन बंद, सुट्टी 1 ऑक्टोबरपासून. डॉक्टरबाईंचा कागद जोडून मेल केला आणि मगच केबिनमध्ये गेले.

सर बराच वेळ कोष्टक बघत राहिले. तासांबद्दल चकार शब्द काढला नाही, सगळी चर्चा फाइलींवरच झाली. "ही पार्टी ऑगस्टात कागद देईल असं वाटतं तुम्हाला?" असलंच बोलणं. तिथे मला उमगलं की "मला जमत नाही" हे या ऑफिसला ऐकू येत नाही, "ही फाइल अमुक तारखेला अमुक माणसाकडे" हे येतं.

आर्टिकलबद्दल एक सांगायलाच हवं. आपण सहाला उठतो तेव्हा आपलं काम कुणाच्या तरी टेबलावर जातं. तो मुलगा बावीस वर्षांचा, स्वतःच्या परीक्षेचा अभ्यास सांभाळून येणारा. त्याच्यावर ढकलून निघून जाणं मला पटलं नाही. रोज चार ते पाच मी त्याच्याजवळ बसून 3सीडीचा, म्हणजे टॅक्स ऑडिटच्या फॉर्मचा, एकेक क्लॉज करून घेतला, क्लॉज 44 तर तीनदा.

पार्टीचे फोन आवरणं सगळ्यात कठीण गेलं. रात्री दहाला "मॅडम, बस दो मिनट" म्हणणारे लोक वाईट नसतात, आपणच त्यांना ती सवय लावलेली असते. प्रत्येकाला एक मेसेज पाठवला की सातनंतर ऑफिसच्या नंबरवर बोला. पहिल्या आठवड्यात दोघांनी तरीही फोन केला. नाही उचलला. पहिला उचलला असता तर पुढचे सगळे उचलावे लागले असते.

11 सप्टेंबरला घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं आणि त्याच दिवशी जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख. नऊ तारखेलाच सगळी रिटर्नं भरून ठेवली होती, त्यामुळे पुरणाचा वास घेत घरात बसता आलं.

खरी परीक्षा 29 सप्टेंबरला झाली. रविवार होता. ऑडिट रिपोर्टची मुदत 7 ऑक्टोबरपर्यंत वाढवल्याचं सर्क्युलर आलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर नुसते जोडलेले हात. रात्री सरांचा फोन: "सात दिवस मिळाले. मग तुम्ही सात तारखेपर्यंत येताय ना?" फोन धरलेला हात थरथरत होता. म्हटलं, "सर, माझी सुट्टी परवापासून आहे. दोन फाइली राहिल्यात, नोट्स फोल्डरमध्ये आहेत. आर्टिकलला काही अडलं तर सकाळी अकराला अर्धा तास फोनवर आहे मी." पलीकडे शांतता. मग, "ठीक आहे." त्या आठवड्यात त्या मुलाचे दोन फोन आले, दोन्ही पाच मिनिटांत संपले.

कायद्याचं थोडक्यात. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हेच 26 आठवडे आहेत. अट अशी की आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेलं असावं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला हे लागू होतं, आमच्याकडे सतरा होती. या रजेच्या काळात कामावरून काढता येत नाही. पगार महिना 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर हा पैसा तिथून मिळतो. नव्या मुलींचा पगार बहुधा त्याच घरात असतो, म्हणून सॅलरी स्लिप आजच काढून बघा. ऑफिस पाच-सहा माणसांचं असेल तर कायदा हाताशी नाही. मग रजेचं काय ठरलं ते पोट दिसायच्या आधी मेलवर लिहून घ्या.

माझे 26 आठवडे बरोबर 31 मार्चला संपले. 1 एप्रिलला गेले तेव्हा पहिल्याच मेलमध्ये बाळाला पाजण्यासाठीच्या दोन वेळा लिहून पाठवल्या, साडेबारा आणि चार. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तो हक्क आहे. घर रामबागेत, ऑफिसपासून दहा मिनिटांवर. साडेबाराला सासूबाई बाळाला घेऊन दारातच उभ्या असायच्या.