हायड्रॉलिक सिलिंडर चाचणीला लावण्याआधीची तयारी

सिलिंडर मशीनवरून उतरवण्याआधी दोष खरोखर त्याचाच आहे का, हे पाहून घ्या. उचललेला भार हळूहळू खाली बसतोय म्हणजे पिस्टनचं (रॉडच्या आतल्या टोकावरच्या दट्ट्याचं) सील गेलं, असं सर्रास धरलं जातं. पण दोन्ही पोर्ट (तेल आत-बाहेर जाण्याची तोंडं) पक्के बंद असतील तर सील पार फाटलेलं असलं तरी भाराखाली रॉड थोडाच आत जातो आणि थांबतो, कारण आत शिरणाऱ्या रॉडइतकं तेल बाहेर पडायला वाटच नसते. भार बसतच राहिला तर तेल कुठून तरी निघतंय: ग्लँडमधून (रॉड जिथून बाहेर येतो तिथलं सीलवालं झाकण), नाहीतर व्हॉल्व्हमधून टाकीकडे. होल्डिंग व्हॉल्व्ह (तेल कोंडून भार धरून ठेवणारा) फक्त मागच्या, म्हणजे रॉड नसलेल्या बाजूला असेल, तर मात्र खराब सीलमधून पुढे आलेलं तेल रॉडच्या पोर्टमधून निसटतं आणि भार बसत राहतो. सर्किटचा नकाशा हाताशी हवा तो यासाठी.

उतरवताना भार आधी जमिनीवर किंवा भक्कम स्टँडवर टेकवा. पंप बंद करून लिव्हर दोन्ही बाजूंना हलवा, पण होल्डिंग व्हॉल्व्हच्या मागे दाब तरीही कोंडलेला राहतो. तो उत्पादकानं सांगितलेल्या पद्धतीनंच सोडा, होजचं नट ढिलं करून नव्हे.

बेंचवर घेतल्यावर बाहेरून पुसून रॉड पूर्ण लांबीभर पाहा. क्रोमवर नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा नवं सीलही लवकर खाणार, म्हणून सील बदलण्याआधी रॉडचा निकाल लावा. रॉड बाहेर काढलेलाच असेल तर व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजनं सरळपणा मोजा. ग्लँड नट, टाय-रॉड, पिनेची भोकं आणि वेल्डच्या कडा तपासा. वेल्डला बारीक तडा दिसला तर चाचणी नको. सिलिंडरमधून निघालेलं तेल पांढऱ्या कापडावर ओता: दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, पितळी चमक दिसली तर गाइड बुश (रॉडला सरळ धरणारी बाही) घासतोय.

चाचणीचं तेल गाळलेलं आणि ठरलेल्या ग्रेडचं असू द्या, साधारण ४० ते ५० अंश तापमानाला. थंड, घट्ट तेल गळती लपवतं. गेजचं कॅलिब्रेशन मुदतीतलं हवं आणि चाचणीचा दाब त्याच्या पट्टीच्या मधल्या भागात यावा. होज, फिटिंग आणि प्लग चाचणीच्या कमाल दाबाला पुरतील असेच घ्या. रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की तेल सोडणारा) आधी कमीवर ठेवून मग चढवा. दाब तेलानंच द्या, हवेनं कधीच नाही. दाबलेली हवा फुटली की तुकडे उडवते.

सगळ्यात महत्त्वाचं: मागून दाब देताना रॉडच्या बाजूचा पोर्ट प्लगनं बंद करू नका. १०० मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७० मिमी रॉड घेतला तर मागचं क्षेत्रफळ ७८.५ चौ. सेंमी आणि रॉडच्या बाजूचं ४० चौ. सेंमी. मागून २०० बार दिले की पुढे कोंडलेल्या तेलात जवळपास ३९० बार तयार होतात. ग्लँड उडतो तो असा, आणि गेज मागच्या बाजूला असल्यामुळे काट्यावर २०० बारच दिसत राहतात.

आधी विनाभार, कमी दाबावर रॉड चार-पाच वेळा पूर्ण आत-बाहेर करून हवा काढा. हवा राहिली तर रॉड धक्के खातो, आणि दाब एकदम चढला की ती तापून सील जाळते. हवा निघाल्यावरही रॉड अडखळत असेल तर वाकलेला रॉड किंवा चुकीच्या मापाचं सील शोधा. मग रॉड पूर्ण बाहेर काढून मागून काम-दाब द्या, रॉडच्या बाजूचा पोर्ट मोकळा ठेवून खाली मापाचं भांडं लावा आणि मिनिटाला किती मिली येतं ते लिहा. रॉड पूर्ण आत घेऊन उलट बाजूनंही तेच करा. एवढ्यावर थांबू नका. बॅरल (सिलिंडरची नळी) बहुधा रोज पिस्टन जिथे जास्त फिरतो तिथेच झिजतो, म्हणून स्ट्रोकच्या मधे रॉड यांत्रिक अडसरानं अडवून पुन्हा मोजा. टोकांना कोरडा आणि मधे गळका असेल तर दोष सीलचा नाही, बॅरलचा. मान्य गळती किती, ते उत्पादकाच्या तक्त्यातून घ्या. काही कास्ट आयर्न रिंगवाले पिस्टन थोडं तेल सोडतातच.

प्रूफ टेस्ट (जास्त दाबावरची मजबुतीची चाचणी) सहसा काम-दाबाच्या दीडपट असते. उत्पादकाचा आकडा वेगळा असेल तर तोच पाळा. दाब कोंडून काटा पाहत असाल तर तेलाचं तापमानही लिहा, कारण तेल निवलं की काटा उतरतो आणि ती गळतीच वाटते. रॉडवर तेलाचा पुसट थर चालतो, थेंब पडता कामा नये.

या सगळ्या वेळात रॉडच्या रेषेत कोणी उभं राहू नये. २०० बारवर वरच्या उदाहरणातला सिलिंडर सुमारे १६ टन जोर लावतो. समोर पोलादी आडोसा, डोळ्यांना चष्मा. बारीक गळती हातानं चाचपू नका, पुठ्ठा धरा. सुईएवढ्या छिद्रातली धार कातडीत शिरते आणि जखम ठिपक्याएवढीच दिसते. दुखत नसलं तरी लगेच शल्यचिकित्सकाकडे जा आणि कातडीत तेल शिरलंय, हे स्पष्ट सांगा.