पीट रोझवर वाद घालायचाय? आधी हे करा

आमच्या विरार फास्टच्या ग्रुपमध्ये विषय अझरचा (अझरुद्दीन, मॅच फिक्सिंगवरून आलेली बंदी) निघतो आणि फिरून फिरून बेसबॉलवर जातो, कारण एकाचा मेहुणा न्यू जर्सीला असतो आणि हा रात्रभर मॅचेस बघतो. तिथून गाडी येते पीट रोझवर, म्हणजे सर्वात जास्त हिट्सचा विक्रम असलेला अमेरिकन खेळाडू, ज्याला स्वतःच्याच टीमच्या मॅचवर सट्टा लावल्याच्या प्रकरणात कायमचं बाहेर काढलं. म्हणून सांगतो, वाद घालायचाच असेल तर कोर्ट, बंदी आणि मान ही तीन प्रकरणं एकात घालून खिचडी करू नका, सगळा घोळ तिथेच होतो.

आधी कोर्ट बाजूला काढा. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या फायनलमध्ये, पैसे घेऊन हरल्याचा आरोप शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ जणांवर होता, १९२१ मध्ये ज्युरीने सोडलं त्यांना, आणि लगेच दुसऱ्या दिवशी बेसबॉलचा प्रमुख, कमिशनर लँडिसने आठही जणांना कायमचं बाहेर काढलं. म्हणजे 'कोर्टाने सोडलं ना' हे तिकडे चालत नाही. आपल्याकडे उलटं झालं, अझरवरची बोर्डाची बंदी २०१२ मध्ये आंध्र हायकोर्टाने बेकायदा ठरवली.

मग बघा सट्टा कशावर लावला. तिकडचा नियम २१ साधा आहे, बेसबॉलच्याच पण दुसऱ्यांच्या मॅचवर लावला तर एक वर्ष, स्वतःच्या मॅचवर लावला तर कायमचं.

मान देणारा कोण हेही तपासा. कूपर्सटाउनचं हॉल ऑफ फेम, जिथे थोर खेळाडूंना मतं घेऊन मानाची जागा देतात, ही वेगळी संस्था आहे, बंदी घालणारी लीग नाही. रोझवर बंदी आली ऑगस्ट १९८९ मध्ये, पण बंदीवाल्याचं नाव मतपत्रिकेवरच घ्यायचं नाही हा नियम हॉलने केला १९९१ मध्ये, रोझचा नंबर लागायच्या बरोबर आधी. हे मला तरी जरा चीटिंगच वाटतं.

आता ताजं. रोझ सप्टेंबर २०२४ मध्ये गेला, आणि मे २०२५ मध्ये कमिशनर मॅनफ्रेडने ठरवलं की माणूस गेला की बंदीही संपली, त्यामुळे रोझबरोबर त्या १९१९ च्या आठ जणांतला शूलेस जो जॅक्सनपण सुटला. पण सुटला म्हणजे हॉलमध्ये गेला असं नाही हां, जुन्या खेळाडूंची कमिटी डिसेंबर २०२७ मध्ये बसणार, तिथे १६ पैकी १२ मतं लागतात.

शेवटी कोणीतरी म्हणणारच, 'अरे पण तो स्वतःची टीम जिंकणार यावरच लावायचा, त्यात काय वांदा?' इथे सोडू नका. रोझ सिनसिनाटी रेड्स टीमचा मॅनेजर होता, कुठला पिचर (आपल्याकडचा बोलर समजा) कधी टाकायचा हे त्याच्या हातात. आज पैसे लागलेत म्हणून दमलेल्या पिचरला अजून दोन इनिंग रेटलं तर उद्याच्या मॅचचं काय? आणि रोज लावणारा माणूस ज्या दिवशी लावत नाही, त्या दिवशी बुकीला न सांगताच टीप मिळते.

आमचा बेसबॉलवाला यावर बोरिवलीपर्यंत गप्प होता. भाईंदरला म्हणाला, "पण हिट्स तर ४२५६च राहणार ना?"

राहणारच, ते कुठे कोण पुसतंय.