हृदयविकाराचा आकस्मिक मृत्यू आणि मृताचे रक्त : या चुका टाळा

हृदयाची धमनी बंद पडून तासा-दोन तासांत मृत्यू आला असेल, तर हृदयाच्या स्नायूत नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही. अशा वेळी शवविच्छेदन करणारा नवशिका डॉक्टर रक्ताच्या अहवालाचा आधार शोधतो, हे मी समजू शकतो. मात्र तो अहवाल जिवंत रुग्णाचा असल्यासारखा वाचला जातो, हे पाहून आता वीट आला आहे.

पहाटे फिरायला गेलेले पन्नाशीतले एक गृहस्थ रस्त्यातच कोसळले आणि त्यांचे शवविच्छेदन दुपारनंतर झाले. निवासी डॉक्टरने हृदयाच्या कप्प्यातले रक्त पाठवले, त्यात पोटॅशियम १८ आणि साखर जवळपास नाहीशी झालेली आढळली. अहवालावर शेजारीच ३.५ ते ५ ही मर्यादा छापलेली असल्याने त्याने ‘पोटॅशियम वाढून हृदय बंद पडले’ असा अभिप्राय लिहून टाकला, आणि मृताला मधुमेह असल्यामुळे साखर उतरवणारे इन्सुलिन जास्त दिले गेले की काय, अशी घरात कुजबुज सुरू झाली. वास्तविक मृत्यूनंतर पेशींची आवरणे निकामी होऊन आतले पोटॅशियम बाहेर झिरपते, रक्तपेशी उरलेली साखर संपवतात आणि लॅक्टेट (प्राणवायूशिवाय साखर मोडल्यावर उरणारा पदार्थ) साचत जाते. हे प्रत्येक शवात घडते. मी फॉर्मॅलिनमध्ये (अवयव टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवलेले हृदय पुन्हा बाहेर काढायला लावले आणि हृदयाला रक्त पुरवणारी डावी पुढची धमनी दर तीन मिलिमीटरवर कापली, तेव्हा उगमापासून दोन सेंटिमीटरवर गुठळी सापडली. निवासी डॉक्टरने ती धमनी दोनच ठिकाणी कापली होती.

दुसरी चूक रक्त घेण्याच्या जागेची. हृदयातल्या रक्तात यकृत, फुप्फुसे आणि जठर यांच्याकडून बरेच काही मिसळते. मी जांघेतील शीर वरच्या बाजूने बांधून तिच्या खालूनच रक्त घेतो, पाय दाबून ते वर आणत नाही आणि साखर व लॅक्टेटसाठी फ्लोराइडची (रक्तपेशींना साखर संपवू न देणारी) बाटली वापरतो. रक्ताच्या जोडीला तपासणीसाठी डोळ्यातील द्रव घेताना सुई सावकाश ओढावी. घाईने ओढल्यास दृष्टिपटलाचे कण येऊन तिथलेही पोटॅशियम फसवे ठरते.

ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारे प्रथिन) वाढले म्हणजे झटका आला असे नव्हे, कारण हृदय पुन्हा सुरू करण्यासाठी छातीवर दिलेले दाब आणि कुजण्याची प्रक्रिया दोन्ही ते वाढवतात.

ॲसिलकार्निटिन किंवा हायपोझँथिन अशा पेशींच्या चयापचयातील पदार्थांच्या पातळ्यांवरून हृदयविकाराच्या मृत्यूचे निदान करण्याचे प्रयत्न चालू आहेत आणि ते मी आवडीने वाचतो, परंतु दोन गटांच्या सरासरीतला फरक टेबलावरच्या एका शवाला लावणे हा आळशीपणाच आहे. त्यापेक्षा मद्यपी किंवा मधुमेही व्यक्तीचे हृदय निर्दोष दिसल्यास बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेटची (चरबी जळताना तयार होणाऱ्या कीटोनची) तपासणी अवश्य मागवावी, कारण ते मृत्यूनंतर बऱ्यापैकी टिकते आणि कीटोॲसिडोसिसचा (कीटोन साचून रक्त आम्लधर्मी झाल्याने आलेला) मृत्यू हृदयाच्या नावावर खपत नाही. बाटलीच्या चिठ्ठीवर मी रक्त घेतल्याची जागा आणि मृत्यूनंतर गेलेले तास स्वतः लिहितो. हे काम मदतनिसावर सोपवत नाही.