मंगाच्या पहिल्या खंडावर लिहिताय? या चुका टाळा

'फ्रीरेन' या मंगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, पहिला खंड मी तासाभरात संपवला आणि त्याच रात्री परीक्षण लिहायला बसले. "संथ आहे, लढाया कमी" असं ठोकून दिलं. आठवड्याने पुन्हा वाचला आणि ते सगळं खोडलं.

घाई हीच सगळ्यात मोठी चूक. मंगात शब्द कमी, म्हणून पानं भराभर उलटतात आणि चित्रं बघायची राहतात. पहिल्याच प्रकरणात मोजक्या चौकटींत 50 वर्षं सरतात. नायिका फ्रीरेनला जुना सोबती हिमेल पुन्हा भेटतो तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नाहीत, पांढरी दाढी आली आहे. समोर फ्रीरेन मात्र जशीच्या तशी. तिच्यासारखे एल्फ (दंतकथांतले दीर्घायुषी जीव) किती जगतात हे एरवी वाक्यात सांगावं लागलं असतं, ते इथे दोन चेहऱ्यांत कळतं. परीक्षणात अशी एक तरी जागा नीट उलगडून दाखवा. "चित्रं सुंदर आहेत" एवढ्याने वाचकाला काहीच मिळत नाही.

वाचताना संवाद विस्कळीत वाटले, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर येतोय असं वाटलं, तर चौकटींचा क्रम तपासा. पानं उजवीकडून डावीकडे वाचायची असतात.

किती कथा सांगायची, इथेही अनेकजण घसरतात. दानवराजाला हरवून फ्रीरेन, हिमेल आणि त्यांचे दोन सोबती परततात तिथून गोष्ट सुरू होते, आणि हिमेलच्या अंत्यसंस्काराला फ्रीरेन रडते, कारण 10 वर्षं सोबत फिरूनही तिने त्याला जाणून घेतलेलं नसतं. हे सांगाच, त्याशिवाय तिचा पुढचा प्रवास कशासाठी ते कळणार नाही. पण 80 वर्षं बंदिस्त असलेल्या राक्षसाशी गाठ पडते, त्या सामन्याचा निकाल कशावर लागतो ते झाकून ठेवा. तो शोध वाचकाचा हक्क आहे.

"प्रकरणं तुटक आहेत" ही तक्रार करण्याआधी एक लक्षात घ्या: ही मालिका 2020 पासून 'शोनेन संडे' या जपानी साप्ताहिकात येऊ लागली. प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणेही वाचलं जायचं होतं. हिमेलच्या पुतळ्याभोवती लावायला फ्रीरेन त्याच्या गावाकडचं निळं फूल महिनोन्‌महिने शोधते. तिच्यासाठी एवढा वेळ काहीच नाही, पण तिची माणूस असलेली शिष्या फर्न ते महिने मोजत असते. वरवर किरकोळ वाटणारं हे प्रकरण मला पूर्ण खंडाचा गाभा वाटतं.

2023 मध्ये आलेली ॲनिमे (ॲनिमेशन मालिका) आधी पाहिली असेल तर जास्त जपा. संगीताने आणि रंगांनी केलेलं काम नकळत पुस्तकाच्या खात्यावर जमा होतं. आणि श्रेय देताना एकाच नावावर थांबू नका: कथा कानेहितो यामादा यांची, चित्रं त्सुकासा आबे यांची.

"पुढे भारी होते, धीर धरा" असंही लिहू नका. वाचक आज पैसे मोजणार आहे ते या एका खंडासाठी. तो मिटल्यावर दुसरा हातात घ्यावासा वाटला का आणि कुठल्या पानामुळे, ते स्पष्ट सांगा. माझ्यासाठी ते पान अंत्यसंस्काराचं: आजूबाजूचे कुजबुजतात, हिच्या डोळ्यांत पाणी कसं नाही, आणि मग तिचा बांध फुटतो.